परीक्षकाचे नाव : मराठी ग्रंथपरीक्षणातील निनावीपणाचा मागोवा

गेल्या शतकाच्या आरंभीचे किंवा त्याच्या आधीच्या शतकाचे एखादे मराठी मासिक बांधीव खंडातून चाळू लागलो, की शेवटच्या पानांत 'पोच व अभिप्राय' या किंवा अशाच मथळ्याखाली बारीक टाइपातील एक मजकूर हमखास आढळतो. पुस्तकाचे नाव, कर्त्याचे नाव, छापखाना, किंमत, टपालहशील असे सर्व तेथे असते. त्याखाली दोन ओळींपासून दोन पानांपर्यंत अभिप्राय असतो. क्वचित त्यात कर्त्याची अशी हजेरी घेतलेली असते की तो बिचारा पुन्हा लेखणी हाती धरील की नाही याची शंका यावी. एवढ्या तपशिलात एकच गोष्ट बहुधा नसते, ती म्हणजे हा अभिप्राय कोणाचा. ज्याच्यावर लिहिले त्याचे नाव, गाव, धंदा छापलेला, आणि ज्याने लिहिले तो 'आम्ही' या सर्वनामाच्या पडद्याआड, अशी ही विषम मांडणी मराठीत दीर्घकाळ चालली. ती तशी का चालली, तिच्यातून कोणाचे साधले व कोणाचे बुडाले, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

आपल्या जुन्या वाङ्मयात ही पद्धत नव्हती, हे प्रथम सांगितले पाहिजे. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवीची नाममुद्रा असे, आणि ती केवळ मिरवण्यासाठी नसे. बोलाची जबाबदारी कोणाची, याची ती नोंद होती. 'टीका' या शब्दाचा अर्थही तेव्हा वेगळा होता. मूळ ग्रंथाचा अर्थ उकलून दाखविणे म्हणजे टीका. या अर्थाने भावार्थदीपिका ही मराठीतील पहिली थोर टीका होय, आणि तिच्या शेवटी टीकाकाराने आपली गुरुपरंपरा, स्थळ व शके १२१२ हा काळ नोंदवून ठेवला आहे. टीकाकाराने नाव झाकावे अशी कल्पनाच त्या परंपरेला सुचली नसती. टीका म्हणजे गुणदोषविवेचन हा अर्थ रूढ झाला तो इंग्रजी विद्येच्या संस्काराने, आणि त्या नव्या अर्थाबरोबरच निनावीपणाही आपल्याकडे आला.

तो आला त्या वेळी त्याला इंग्लंडात मोठी प्रतिष्ठा होती. १८०२ साली निघालेले एडिंबरो रिव्ह्यू आणि १८०९ मधले क्वार्टर्ली रिव्ह्यू यांतील परीक्षणे सहीवाचून छापली जात. मेकॉलेचा मिल्टनवरील निबंध १८२५ साली प्रसिद्ध झाला तोही बिननावाचाच. आपल्या निबंधांचा अधिकृत संग्रह त्याने स्वतःच्या नावाने काढला तो १८४३ मध्ये. मेकॉले वाचून वाढलेल्या आपल्या पहिल्या पदवीधर पिढीस परीक्षणाचा हाच रिवाज सभ्य वाटला, यात नवल नाही. पुढे १८६५ मध्ये फोर्टनाइटली रिव्ह्यूने लेखाखाली लेखकाची सही घालण्याचा पायंडा पाडला, तेव्हा तेथे मोठा वाद झाला. आपल्याकडे त्या वादाचे पडसाद फारसे उमटलेले दिसत नाहीत. आपण रिवाज घेतला, त्याविरुद्धची तक्रार मात्र घेतली नाही.

सरकारी कायद्यानेही एका अर्थी याला हातभार लावला. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर व वर्तमानपत्रावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव असणे सक्तीचे केले. लेखकाचे नाव असलेच पाहिजे असे त्यात नव्हते. संपादकाचे नाव प्रत्येक अंकावर छापण्याची सक्ती तर १९२२ मध्ये आली. हा १८६७ चा कायदा, अनेक दुरुस्त्यांसह, पार २०२४ पर्यंत टिकला. २०२३ साली मंजूर झालेल्या नव्या कायद्याने त्याची जागा घेतली. म्हणजे सरकारला हवा होता तो हाती सापडणारा एक माणूस. त्याच्या आड किती माणसे लिहितात, याची सरकारला फिकीर नव्हती. निनावी लेखकाचे रक्षण आणि मुद्रक-प्रकाशकाचा बळी, ही दोन्ही एकाच व्यवस्थेची अंगे होती.

परंतु छापील परीक्षणाच्या आधी मराठीत ग्रंथाची पारख करणारी एक दुसरी यंत्रणा उभी राहिली होती, आणि निनावीपणाचा खरा काच तेथे पाहावयास मिळतो. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटली जाई. ती पद्धत कंपनी सरकारने काही काळ चालू ठेवली. पुढे पुण्यातील नवशिक्षितांनी या पैशाचा काही भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ खर्च व्हावा अशी मागणी केली, आणि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी अस्तित्वात आली. मराठी ग्रंथकारांच्या दृष्टीने ही मोठी सोय होती. ज्या काळी पुस्तक विकून छपाईचा खर्चही निघणे कठीण होते, त्या काळी कमिटीचे बक्षीस म्हणजे ग्रंथाचे भाग्यच. हस्तलिखित पाठवावे, कमिटीने ते वाचावे, मत ठरवावे आणि निर्णय कळवावा, असा क्रम होता. मत कमिटीचे, कमिटीतील कोणत्या सभासदाचे काय म्हणणे पडले हे ग्रंथकारास कळण्याचा मार्ग नव्हता.

जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून या कमिटीकडे पाठविले. एका भोळ्या कुणबी दांपत्यास धर्माच्या नावाने कसे नागविले जाते, हा त्याचा विषय. नाटक नापसंत झाले. ही हकीकत आपल्याला माहीत आहे ती जोतीरावांनी ती 'गुलामगिरी'त, म्हणजे १८७३ मध्ये, स्वतः सांगितली म्हणून. त्यांचे म्हणणे असे की, कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे चालले नाही. हे म्हणणे खरे मानावयाचे की एका दुखावल्या लेखकाची तक्रार समजून बाजूस ठेवावयाचे? प्रस्तुत लेखकाला वाटते की हा प्रश्न आज आपण सोडवू शकत नाही, आणि तेच या प्रकरणाचे मर्म आहे. सभासदांपैकी कोणी स्वतःच्या नावाने, कारणे देऊन, नाटकाचे दोष दाखविले असते, तर त्या कारणांची शहानिशा करता आली असती. ती कारणे नाटकाच्या बांधणीविषयी होती की विषयाविषयी, हे ठरविता आले असते. 'कमिटीचे मत' या शब्दांनी ती वाटच बुजवून टाकली. नाटक त्या काळी रंगभूमीवरही आले नाही, छापलेही गेले नाही. ते प्रथम छापून वाचकांसमोर आले १९७९ साली, लिहिल्यापासून सव्वाशे वर्षांच्या आसपास. मराठी नाट्यवाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्या कित्येक पिढ्यांना या नाटकाचे नुसते नाव ठाऊक, आणि कित्येकांना तेही नाही, अशी स्थिती राहिली ती एका बंद खोलीतील निर्णयामुळे.

याच जोतीरावांना तीस वर्षांनी, १८८५ मध्ये, पुण्यात भरणाऱ्या मराठी ग्रंथकार सभेचे आमंत्रण आले. त्यांनी ते नाकारले, आणि नकाराचे पत्र 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाले. ते पत्र ग्रंथकारांच्या इतिहासात पुष्कळ वेळा आले आहे. त्याच्या आशयाची चर्चा येथे करीत नाही. एवढेच नजरेस आणावेसे वाटते की ज्याच्या ग्रंथाविषयीचा निर्णय नावे न सांगता दिला गेला, त्याने आपला निर्णय स्वतःच्या नावाने, कारणांसह आणि सर्वांना वाचता येईल अशा ठिकाणी दिला.

निनावीपणा सदैव बलवानाच्या सोयीचा असतो असे मात्र यावरून समजू नये. 'प्रभाकर' पत्रात १८४८ पासून जी शतपत्रे प्रसिद्ध झाली, ती 'लोकहितवादी' या सहीने. गोपाळ हरि देशमुख तेव्हा पंचविशीतले, सरकारी नोकरीत असलेले, आणि ज्या समाजात वावरत होते त्या समाजातील शास्त्रीपंडितांवर व रूढींवर त्यांनी असे कोरडे ओढले होते की नाव उघड करून लिहिणे म्हणजे घरादारावर बहिष्कार ओढवून घेणे ठरले असते. भाऊ महाजनांनी त्यांना जागा दिली आणि पडदाही दिला. पुढे तो पडदा विरळ होत गेला व लोकहितवादी म्हणजे कोण हे सर्वांस कळले, तरी त्या नावाने एक वेगळेच काम केले होते. टोपणनाव हे निनावीपणाहून अगदी निराळे असते. 'लोकहितवादी' ही सही शंभरांवर पत्रांखाली पडली, म्हणून त्या पत्रांना एक सलग व्यक्तित्व मिळाले. त्यांतील मते एकमेकांशी ताडून पाहता आली. आणि पंचवीस-तीस वर्षांनी विष्णुशास्त्री चिपळूणकरांना 'निबंधमाले'त त्यांचा समाचार घेता आला. वाचकाने कोणाला उत्तर द्यावयाचे हे ठाऊक होते.

चिपळूणकरांचा विषय निघालाच आहे तर थोडे थांबावयास हरकत नाही. १८७४ ते १८८१ या आठ वर्षांत त्यांनी मालेचे चौऱ्यांशी अंक काढले, जवळजवळ एकट्याने लिहून. मालेतील 'आम्ही' म्हणजे कोण हे साऱ्या सुशिक्षित महाराष्ट्राला माहीत होते, तेव्हा ते सर्वनाम शिष्टाचारापुरतेच राहिले. ग्रंथांवर टीका कशी असावी यावर त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिला, आणि ग्रंथाची पारख हे भीड सोडून करावयाचे काम आहे हे मराठी वाचकाच्या मनावर बिंबविले. मालेच्या अधिकांश काळात शास्त्रीबुवा सरकारी शाळेत शिक्षक होते. त्यांच्या संपादनाखालील 'शालापत्रक' १८७५ मध्ये सरकारी रोषामुळे बंद पडले, तरी माला चालू राहिली. त्यांच्या टीकेत अन्याय पुष्कळ आहे. जोतीरावांच्या लेखनाविषयी त्यांनी जे लिहिले ते आज वाचवत नाही. पण तो अन्याय कोणी केला हे आपणांस माहीत आहे, आणि म्हणून त्याचा हिशेब गेली दीडशे वर्षे मराठी समीक्षा त्यांच्याच नावावर मांडीत आली आहे. दक्षिणा प्राइज कमिटीच्या वाट्याला असा हिशेब कधी आला नाही.

संपादकाने दुसऱ्याच्या मजकुराचे ओझे वाहणे म्हणजे काय, याचा धडा मराठी पत्रसृष्टीला १८८२ मध्ये मिळाला. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर आरोप करणारी पत्रे 'केसरी' व 'मराठा' यांनी विश्वासाने प्रसिद्ध केली; ती बनावट ठरली; आणि आगरकर व टिळक यांना डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले. १८९७ च्या खटल्यात 'केसरी'तील ज्या मजकुरावर बोट ठेवले गेले त्यांत शिवाजीच्या तोंडी घातलेली कविता होती. तिच्याखाली टोपणनाव होते आणि शिक्षा झाली ती टिळकांना. हे ग्रंथपरीक्षणाचे प्रसंग नव्हेत, हे खरे. तरीही 'लेखकाचे नाव संपादकाने पोटात ठेवावे' हा जो मराठी संपादकीय धर्म पुढे रूढ झाला, त्याचे वजन या प्रसंगांनी वाढविले. सहीवाचून छापलेले परीक्षण म्हणजे संपादकाने स्वतः केलेले परीक्षण, असा अर्थ त्यामुळे पक्का झाला.

डोंगरीच्या तुरुंगाशी एका परीक्षणाचेही नाते आहे. तेथील मुक्कामात आगरकरांनी हॅम्लेटच्या भाषांतराचे काम हाती घेतले होते. ते 'विकारविलसित' या नावाने १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर 'निबंधचंद्रिके'त सुमारे बहात्तर पानांचे परीक्षण आले. लिहिणारे होते हरि नारायण आपटे, वय वर्षे एकोणीस, न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आगरकरांच्याच हाताखाली शिकलेले. गुरूच्या ग्रंथावर शिष्याने इतके सविस्तर गुणदोषविवेचन करावे, आणि पुढे मराठी कादंबरीच्या इतिहासात त्या परीक्षणाची नोंद शिष्याच्या पहिल्या कर्तृत्वात व्हावी, ही त्या काळाची खरी श्रीमंती म्हटली पाहिजे. परीक्षण हेही लेखन आहे, त्याचे श्रेय लेखकाच्या खाती जमा होते, याचे इतके स्पष्ट उदाहरण त्या काळात दुसरे सापडणे कठीण. हे परीक्षण 'पोच व अभिप्राय'मध्ये चार ओळींचे आणि नावावाचून आले असते, तर आपटे यांच्या चरित्रकाराला ते शोधून काढावे असे वाटले नसते.

विसाव्या शतकात नावाचा खेळ अधिक गुंतागुंतीचा झाला. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह 'विभावरी शिरूरकर' या नावाने निघाला. शिकलेल्या, अविवाहित, नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या मनातील कोंडमारा त्यात इतक्या उघडपणे आला होता की पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरांत गदारोळ उडाला. आजवर ज्याला आपण रिवाज म्हणत आलो तो येथे उलटा झाला. टीकाकारांची नावे उघड, आणि ग्रंथकर्ती पडद्याआड. चर्चेचा मोठा भाग कथांपेक्षा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला : ही विभावरी कोण? बाई की कोणी पुरुष? प्रकाशक ह. वि. मोटे यांना ते ठाऊक होते, आणि त्यांनी ते आपल्यापाशी ठेवले. पुढे काही वर्षांनी बाळूताई खरे, म्हणजेच मालती बेडेकर, हे नाव सर्वांस कळले. शिक्षणाच्या क्षेत्रात नोकरी करणाऱ्या एका अविवाहित स्त्रीला त्या गदारोळात स्वतःच्या नावाने उभे राहावे लागले असते, तर दुसरे पुस्तक निघाले असते की नाही, कोण सांगणार? ते निघाले, हे आपले भाग्य. लेखकाने नावानिशीच लिहावे असा सरसकट नियम करू पाहणाऱ्यांनी हे पुस्तक डोळ्यांसमोर ठेवावे.

टोपणनावाने समीक्षा करण्याचे दोन मासले मराठीत असे आहेत की त्यांचा उल्लेख टाळता येणार नाही. पहिला महाराष्ट्राबाहेरचा. पु. आ. चित्रे यांनी १९४३ मध्ये बडोद्याहून 'अभिरुचि' मासिक सुरू केले. त्यात 'निषाद' या नावाने 'वाद-संवाद' हे सदर येत असे, आणि त्यात मराठी साहित्यातील ढोंगे, गटबाज्या, उसन्या कल्पना यांची नेमकी, थंड डोक्याने केलेली तपासणी असे. हे निषाद म्हणजे सरकारी महाविद्यालयांत इंग्रजी शिकविणारे मं. वि. राजाध्यक्ष. सदराचा दबदबा मोठा होता, आणि तो कशामुळे होता याचा विचार करण्यासारखा आहे. नाव खोटे असले तरी ते दर महिन्याला तेच असे. एका महिन्यात घेतलेल्या भूमिकेला पुढच्या महिन्यात जागावे लागे. निषादाने एखाद्या पुस्तकावर अन्याय केला असे वाटले तर वाचक निषादाला जाब विचारू शकत होते. मुखवट्याला स्वतःची पत असते. ती कमवावी लागते आणि घालवताही येते. 'आम्ही'ला यांपैकी काहीच करता येत नाही.

दुसरा मासला 'ललित' मासिकाचा. केशवराव कोठावळे यांनी १९६४ मध्ये हे मासिक सुरू केले आणि त्यात 'घटका गेली, पळे गेली' या सदरात 'ठणठणपाळ' अवतरला. वसंत सरवटे यांनी त्याला हातोडा घेतलेली मूर्ती दिली, आणि त्या हातोड्याचे टोले सुमारे वीस वर्षे साहित्यिकांच्या डोक्यावर पडत राहिले. लेखक जयवंत दळवी. ते स्वतः कथा-कादंबरीकार. म्हणजे ज्यांच्यावर लिहावयाचे त्यांच्याशी रोजची ऊठबस. नाव उघड असते तर प्रत्येक टोल्यामागे स्पर्धेचा वास शोधला गेला असता, आणि प्रत्येक कौतुकामागे मैत्रीचा. ठणठणपाळाने दळवींना या दोन्हींपासून सोडविले. निवडक लेखांचे पुस्तक १९६९ मध्ये झाले तेव्हाही मुखपृष्ठावर ठणठणपाळच होता. साहित्यिक मंडळी आपले नाव सदरात आले नाही तर खट्टू होत, असे तेव्हाचे वाचक सांगतात. ही थट्टेची गोष्ट सोडली तरी, टीका करून घेण्यात मान वाटावा इतकी पत एका मुखवट्याने कमावली, हे साधे काम नव्हे.

आता निनावीपणाचा सर्वांत शांत प्रकार पाहू. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे नव्या लेखकांना जी पत्रे लिहीत, त्यांची ख्याती मराठी लेखकांच्या दोन-तीन पिढ्यांत आहे. कथा परत येई, परंतु कोऱ्या नकाराने नव्हे. कोठे प्रसंग सैल पडला, कोणते पात्र लेखकाच्या हातून निसटले, शेवट का पटत नाही, याचे विवेचन पत्रात असे. क्वचित पुन्हापुन्हा लिहून घेतल्यावर कथा छापली जाई. छापून आलेल्या कथेखाली नाव लेखकाचे. संपादकाच्या श्रमाची खूण कोठेही नाही. माझ्या मते मराठी कथेवर या काळात झालेली अत्यंत सूक्ष्म समीक्षा ही या पोस्टाने गेलेल्या कागदांत आहे, आणि ती ज्याच्यासाठी लिहिली त्याच्याखेरीज कोणी वाचलेली नाही. दुखावल्याविना सुधारता यावे, चारचौघांत मान खाली घालावी लागू नये, म्हणून ती खाजगी राहिली. लेखकाला हे फार मोलाचे होते.

पण खाजगी निवाड्याला त्याची सावलीही असते. ज्यांच्या कथा-कविता परत आल्या आणि ज्यांना पत्रांतील कारणे पटली नाहीत, त्यांना दाद मागण्यास जागा नव्हती. १९६९ मध्ये राजा ढाले यांनी 'सत्यकथेची सत्यकथा' लिहिली आणि अनियतकालिकांच्या तरुण लेखकांनी 'सत्यकथे'च्या अंकाची होळी केली. त्या संतापाची कारणे अनेक होती, वाङ्मयीन आणि सामाजिकही. त्यांतले एक हे होते की मराठी साहित्यात काय छापण्याजोगे आहे याचा निर्णय फार थोड्या माणसांच्या टेबलावर होतो. दक्षिणा प्राइज कमिटीची आठवण येथे होते, जरी भागवत-पटवर्धनांची सचोटी व कळकळ वादातीत होती तरी. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडली.

व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९३९ मध्ये एका छोट्या पुस्तिकेत अशी सूचना केली होती की वर्तमानपत्री परीक्षणे बंदच करावीत, आणि परीक्षकाने वैद्याप्रमाणे दार लावून, ठराविक फी घेऊन, लेखकाला त्याच्या ग्रंथाचे गुणदोष समक्ष सांगावेत. फीचा आकडाही त्यांनी सुचविला होता, तीन गिनी. गंमत अशी की त्याच पुस्तिकेच्या शेवटी त्यांचे पती लेनर्ड वुल्फ यांनी आपली असहमती जोडली : परीक्षण हे वाचकासाठी असते, लेखकासाठी नव्हे, असा त्यांचा आशय. पती-पत्नींचा हा मतभेद मला फार अर्थपूर्ण वाटतो. मौजेच्या कचेरीत व्हर्जिनियाबाईंचा दवाखाना कित्येक वर्षे, तोही विनाशुल्क, चालू होता. वाचकाला त्याचा उपयोग झाला तो चांगल्या कथांच्या रूपाने, परंतु त्या चांगल्या का झाल्या हे त्याला कधी शिकता आले नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या आमच्यासारख्या मराठी मंडळींना हा प्रश्न निराळ्या अंगाने भिडतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, भोपाळ त्याची राजधानी झाली, आणि नागपूर, इंदूर, ग्वाल्हेर येथून कितीतरी मराठी नोकरदार कुटुंबे येथील सरकारी वसाहतींत राहावयास आली. तुलसीनगर ही त्यांपैकीच एक. एका जिन्यावर वरिष्ठ, दुसऱ्यावर कनिष्ठ. दोघेही मराठी, दोघेही लिहिणारे. अशा वस्तीत एखाद्याचा कवितासंग्रह निघाला म्हणजे त्यावर लिहिणार कोण? जो लिहील तो कवीचा शेजारी असतो, नाहीतर हाताखालचा. तोही नसला तर भावी व्याही तरी असतोच. मग सहीनिशी छापले जाते ते निव्वळ अभिनंदन, आणि खरे मत जिन्यात सांगितले जाते. मोठ्या शहरातील वाचकाला निनावी परीक्षण हा भित्रेपणा वाटेल. जेथे मराठी वाचणारी शंभर घरे आहेत आणि सगळी एकमेकांना ओळखतात, तेथे नाव झाकणे व्यर्थही असते, कारण वाक्यरचनेवरून दुसऱ्या दिवशी माणूस ओळखला जातो. येथे बडोद्याच्या 'निषादा'चे धैर्य विशेष जाणवते. संपादकाने नाव पोटात ठेवले, लेखकाने मुखवट्याची पत राखली, आणि मासिक महाराष्ट्राबाहेरचे असूनही मुंबई-पुण्याच्या साहित्यिकांना त्याची दखल घ्यावी लागली.

इंग्लंडातील टाइम्स लिटररी सप्लिमेंटने १९०२ पासून सांभाळलेला बिननावी परीक्षणांचा रिवाज १९७४ मध्ये मोडला. टी. एस. एलियट, व्हर्जिनिया वुल्फ यांच्यासारख्यांनी तेथे वर्षानुवर्षे सहीवाचून लिहिले होते. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी नियतकालिकांच्या बाबतीत तर १९६६ ते १९८९ या काळात वेलस्ली सूचीचे पाच खंड निघाले. प्रकाशकांची हिशेबवह्या आणि संपादकांची पत्रे तपासून हजारो निनावी लेखांपुढे लेखकांची नावे भरण्यात आली. जिवंतपणी गुप्तता, आणि पुरेसा काळ लोटल्यावर श्रेय. आपल्याकडे शंकर गणेश दाते यांनी 'मराठी ग्रंथसूची' एकहाती सिद्ध केली. तिच्या पहिल्या खंडात १८०० ते १९३७ पर्यंतच्या ग्रंथांची नोंद आहे. मराठी नियतकालिकांच्याही सूची पुढे झाल्या. १८६७ ते १९३७ एवढी वर्षे चाललेल्या 'विविधज्ञानविस्तारा'तील सहीवाचूनच्या अभिप्रायांमागची माणसे शोधून काढण्याचे काम त्या सूचींना पेलण्यासारखे नव्हते. त्यासाठी संपादकांचे पत्रव्यवहार हाती लागावे लागतात, आणि आपल्याकडे संपादक वारले की कागद रद्दीत जातात.

अपवाद आहेत. विभावरीचे नाव ज्यांनी आपल्यापाशी ठेवले, त्याच ह. वि. मोटे यांनी उतारवयात मराठी साहित्यिकांचा व विचारवंतांचा खाजगी पत्रव्यवहार मिळवून 'विश्रब्ध शारदा' हा ग्रंथ सिद्ध केला. त्याचा पहिला खंड १९७२ मध्ये आला. 'विश्रब्ध' म्हणजे विश्वासाने, मोकळ्या मनाने बोललेले. पुस्तकांवरची कित्येक मते त्या पत्रांत अशी आढळतात की ती छापून येतील या कल्पनेने लिहिणाऱ्याने ती कधीच लिहिली नसती. धारवाडच्या जी. ए. कुलकर्णी यांच्या बाबतीत हेच अधिक तीव्रतेने घडले. लोकांत मिसळणे टाळणारा, सभा-संमेलनांकडे पाठ फिरविणारा हा लेखक पत्रांत मात्र वाचलेल्या पुस्तकांविषयी पानेच्या पाने लिहीत असे. १९८७ मध्ये ते गेले आणि त्यांच्या निवडक पत्रांचे चार खंड निघाले. पहिल्यात सुनीताबाई देशपांडे यांना लिहिलेली पत्रे आहेत. मराठी वाचकाला एक असामान्य समीक्षक त्यामुळे लाभला, ज्याने हयातीत स्वतःला समीक्षक म्हणवून घेण्याचे कटाक्षाने टाळले होते. सुनीताबाईंची उत्तरे पुढे 'प्रिय जी. ए.' या नावाने निराळी छापली गेली. ती हाती घेऊन पहिला खंड पुन्हा वाचला, म्हणजे एकाच पुस्तकाविषयी दोन चोखंदळ वाचकांची मते शेजारीशेजारी मिळतात, प्रत्येकाखाली ज्याची त्याची सही असलेली.